अकरा सेकंद

शाळेच्या कोठीत शूटिंग.
तांदळाची पोती भिंतींना लावून उभी केली,
घुमणारा आवाज पोती गिळतात.
खिडकीवर सतरंजी. पीव्हीसी नळ्यांच्या तिकाटण्यावर
सुतळीनं आवळलेला फोन.
मोईज म्हणतो, मॅडम, मला नका बघू,
त्या बारक्या काळ्या ठिपक्यात बघा.
तिथंच बसलेत म्हणा सगळे.

किनवटात त्याचं लग्नाच्या शूटिंगचं दुकान.
पहिल्या धड्यात त्यानं एक छेद दोनवर
गुलाबाच्या पाकळ्या सोडल्या,
तीन छेद चारभोवती बदाम फिरवले.
मी म्हटलं, काढ.
तो म्हणाला, लेकरं बघतील तरी.
एक बदाम राहू दिला.

आज बेरीज. परातीत ज्वारीच्या पाच भाकरी.
पहिली मोडली तेव्हा दारात शेळी ओरडली.
दुसरीचे 'चार समान भाग' म्हणता म्हणता
एक भाग चांगलाच धाकटा निघाला.
तिसरीला मी अंशाला छेद म्हणाले.
चौथीला फोनच तापून बंद पडला.
मोईज तोवर ठेच्याशी तुकडे लावत बसलेला:
सोळातले अकरा गेले मॅडम, बोला, किती उरले?
नेमकं हेच रेकॉर्ड झालं नाही.

पाचवी नीट मोडली.
एक छेद चार अधिक एक छेद चार, मी विचारलं,
किती?
आणि थांबले.

वर्गात थांबलं की काहीतरी येतं.
ओठांतल्या ओठांत मोजणी, बाकाची करकर,
मागून एक चुकीचं उत्तर, त्यावर हसू,
हसण्याच्या आडून हळूच बरोबर उत्तर.
इथं ठिपका. पोत्यात सोंडकिडे.
मनात एक ते अकरा मोजले
आणि ठिपक्याला म्हणाले, शाब्बास!

मोईजनं रात्री ते अकरा सेकंद कापले.
रिकामं दिसतं मॅडम, माणूस पुढं सरकवतो.
नवरी उंबऱ्यात अडते, ते कापतोस का रे?
त्यानं मुकाट परत जोडले.

धडा डोंगरात गेला, वरच्या तांड्यावर.
तिथं रेंज फक्त पाण्याच्या टाकीच्या शिडीला,
तीही आठव्या पायरीपासून.
चौथ्या दिवशी पायल आडेचा आवाज आला,
मागं वारा, कुणीतरी धुणं आपटतंय:
"मॅडम, तुम्ही थांबल्या तवा
मी दोन छेद आठ म्हणले.
तुम्ही शाब्बास म्हणल्या. मायनं बी ऐकलं.
मंग तुम्हीच म्हणल्या, अर्धा.
आता माझं चुकलं का तुमचं?"

तीनदा ऐकला मी तो निरोप.
बावीस वर्षांत
तोंड न बघता दिलेली ही पहिली शाब्बासकी.

दुसऱ्या दिवशी परत कोठी, परत सतरंजी.
मोईजनं विचारलं, भाकरी किती?
एकच. ती पण मोडायची नाही.
ठिपक्याला म्हणाले,
पोरांनो, मला इथून तुम्ही दिसत नाही.
परवा मी उगीच शाब्बास म्हणाले.
ज्याचं उत्तर दोन छेद आठ आलं
त्यानं घरात एक भाकरी मागावी,
आठ सारखे तुकडे करावे,
दोन खावे,
आणि अर्धी भाकरी झाली का ते मला सांगावं.
शेळी ओरडली. ओरडू दिली.
शाब्बास म्हणाले नाही.

संध्याकाळी भांडी घासताना फोन वाजला.
ओल्या हातानं निरोप लावला,
लोखंडी पायरीची किरकिर, मग भरल्या तोंडानं:
"मॅडम, दोन खाल्ले. पावच झाली.
अजून दोन खाते. थांबा."

पुढं नुसतं चावणं.
मी नळ बंद केला
आणि मोजत उभी राहिले.
अकराच्या पुढं गेलं.