करंगळीपुरतं

बिलिंग्जमधलं दुकान. काचेवरच्या हिरव्या बनातीवर
ऑरविल दोन पिस्तुलं शेजारी शेजारी ठेवतो,
रिकामी. दोनदा उघडून दाखवलेली.

"हे कॉम्पॅक्ट. हे सबकॉम्पॅक्ट.
नळीत फरक अंगठ्याच्या पेराएवढा,
मुठीत एका बोटाचा."

मार्व्हा आधी धाकटं उचलते.
तीन बोटं बसतात. करंगळी खाली लोंबते,
बाकावर जागा न उरलेल्या पोरीसारखी.

"लपवायला बरं," तो म्हणतो, "पण हातात उसळतं.
लहान म्हणजे गरीब, असं इथे नाही.
थोरलं स्थिर. पण दडत नाही.
ह्यात पंधरा बसतात, त्यात दहा."

दहा कशाला पुरतात, ती विचारत नाही.
रात्रपाळीच्या डगल्याचा खिसा
तिने घरीच मोजलाय, शिवणाच्या टेपने:
सहा इंच, त्यात पेन आणि थर्मामीटर.

मग तिला दिसतो ऑरविलचा उजवा हात.
चारच बोटं. पाचवं लाकूडगिरणीने नेलं,
ब्याऐंशी साली.
"मला धाकटं अगदी मापाचं," तो हसतो.
तीही हसते. थोडं उशिरा.

आता थोरलं.
मुठीला जागा आहे, ऐसपैस,
पण करंगळीच वळत नाही.
मार्चमध्ये दारात सापडली होती ती,
दार बाहेरून कोणीतरी ढकलत असताना.

ऑरविल बघतो. फरक पुन्हा समजावत नाही.

"उद्या येते," ती म्हणते.
तो दोन्ही उचलतो.
बनातीवर दोन ठसे,
एक जरासा लांब.