भोगवटादार

दुय्यम निबंधकाच्या कचेरीत पंखा फिरत नव्हता.
बिराजदार वकिलांनी हक्कसोडपत्र पुढे सरकवलं,
वर पेन. टोपण आधीच काढलेलं.
शांतवनदादाने बाकावर दोन पिशव्या ठेवल्या होत्या,
करुणाताईची जांभळी, माझी मोरपंखी.
इरकल. घडीत अजून दुकानाची पावती.

"तबिथा, इथं. आणि मागच्या पानावर."

वळसंगची एक एकर सव्वीस गुंठे.
काळी. पाऊस हुकला तरी मालदांडी खांद्याला लागते.
आता तिच्या उशाशी चौपदरी रस्ता येतोय
आणि आमच्या घरात
स्वर्गाच्या गोष्टी एकदम वाढल्यात.

रविवारी दादाच उभा होता शास्त्रपाठाला.
कसर, गंज, चोर,
तिन्ही शब्दांवर आवाज चढवला त्याने.
मग तो धनवान, जो कोठारं मोडून मोठी बांधणार होता
आणि ज्याची रात्रच उलटली नाही.
सांगताना माझ्याकडे बघितलं.
मी गीतांच्या वहीत बघत राहिले.

दादा, वाचायला मलाही येतं.
चौतीस वर्षं रात्रपाळीत,
सलाइन थेंबथेंब उतरताना,
तेच वाचलंय मी,
तू उलटून पुढे जातोस ती पानंसुद्धा.

त्यात पाच बहिणी आहेत.
बाप वाळवंटात गेलेला.
तंबूच्या दाराशी उभ्या राहून
सगळ्या पंचांदेखत विचारतात,
आमच्या बापाचं नाव का पुसता?
कुणी म्हटलं नाही त्यांना
की बायांनो, मातीच ती, सोडा.
प्रश्न वर गेला.
उत्तर आलं, पोरींचं खरं आहे.

त्यांना भाऊ नव्हता, हे तू म्हणशीलच.
मला आहे.
म्हणून तर विचारतेय.

आणि तो परदेशी म्हातारा,
ज्याला अख्खा मुलूख कबूल झालेला,
पण बायको गेली तेव्हा पुरायला वीतभर जागा नाही.
लोक फुकट देत होते. घेतली नाही त्याने.
चांदी तोलली, बांधावरच्या झाडांसकट
साक्षीदारांसमोर नावावर केली.
स्वर्ग त्यालाही ठाऊक होता की.

करुणाताईने सही केली.
तिच्या हातात जांभळी पिशवी होती
आणि ती माझ्याकडे बघत नव्हती.
मी पेनाला टोपण लावलं.
एवढासा आवाज,
पण बिराजदारांनी चष्मा काढला.

सात-बारा मार्चात मिळाला.
बावीस गुंठे, माझ्या वाटणीचे.
म्हेत्रे तलाठी म्हणाले, "सिस्टर, पेढे कुठायत?"
मी झाडाखाली उभी राहून कागद वाचला,
चार्ट वाचायची सवय, एकेक रकाना.
मालक हा शब्द शोधला.
वर नाही, खाली नाही, इतर हक्कांतही नाही.
लिहिलं होतं, भोगवटादार,
आणि त्याखाली मी.

हसू फुटलं मला भर उन्हात.
म्हणजे तहसीललाही माहीत आहे तर!
ज्याची आहे त्याने कधीच सांगून ठेवलंय,
कायमची विकू नका,
तुम्ही इथे उतरलेले पाहुणे.
पाहुणीला ताट मिळतं पण.
पाहुणी उपाशी उठत नाही.

पेरली. चारी कोपरे कापायचे नाहीत
असं सालम्माला सांगून ठेवलं.
तिला वाटलं, बाई शहरातली, कळत नाही.
रस्त्याच्या कामावरच्या बायका येऊन कणसं नेतात,
त्यांना कळलं बरोबर.

जानेवारीत दादाला हुरड्याला बोलावलं.
नाही आला.
वहिनी आली एकटी, वळसंगच्या एसटीने,
अंगावर ती मोरपंखी.
आगटीशी बसली. गरम दाणे या हातातून त्या हातात,
चटणी घेतली, दह्याला नको म्हणाली.
बराच वेळ बांधाकडे बघून
हळूच म्हणाली,
"तुळजापूर रोडला आमच्या वडलांची थोडी आहे.
कागद काय काय लागतात ओ?"