तिआ

मिर्दिफच्या त्या व्हिलात
सामान विकायला काढलं होतं.
जूनचा शेवटचा आठवडा, शाळा सुटलेल्या,
दारात ट्रेडमिल, झोपाळा, अर्धा डबा पांढरा रंग,
आणि एका खोक्यावर चिकटपट्टी : सगळं मिळून दहा दिरहॅम.

मी गेले होते मिक्सर बघायला.

खोक्यात पुस्तकं. जाड पुठ्ठ्याची,
कोपरे चावलेली. एकात चंद्र, एकात डुक्कर,
एकात टोपी घातलेली मुंगी.
अक्षरं इंग्रजीची, पण शब्द इंग्रजी नव्हेत.
कुठे एखाद्या अक्षराच्या डोक्यावर नागमोडी रेघ,
आणि प्रश्नचिन्ह वाक्याच्या सुरुवातीलाच,
उलटं, वटवाघळासारखं लटकलेलं.
म्हटलं, ही तर मारिसोलची भाषा.

शार्दूलची रेवा सात महिन्यांची.
भाऊ माझा तिच्याशी मराठी बोलतो,
म्हणजे 'अगं' आणि 'नको' आणि 'झोप आता'.
मारिसोल बोलते तिच्या मेदेयीनचं,
पण हळू, आणि लिफ्टमध्ये तर नाहीच,
जणू घरातले चांगले कप
रोज कुठे काढायचे.
दोघांचं एकमेकांशी इंग्रजी :
विजेचं बिल, व्हिसा, डायपर.

"माणशी तीस किलोच नेता येतं,"
व्हिलातली बाई म्हणाली,
"आणि पुस्तकं फार जड."
हे बोलताना ती मुंगीच्या पुस्तकाची
धूळ पुसत होती.

टॅक्सीत खोकं मांडीवर.
अल नहदाच्या सिग्नलला गाडी अडकली,
तेवढ्यात मी सराव करून घेतला : जिराफा. होर्मिगा.

मारिसोल हसून सोफ्यावर आडवी झाली.
हिराफा, ती म्हणाली, घशातून,
काटा अडकल्यावर खाकरतात तसं.
आणि मुंगीला ओर्मिगा, तिथला ह म्हणायचा नाही.
मग लिहिता कशाला?
तिलाही ठाऊक नव्हतं.

मुंगीच्या पानावर पांढऱ्या दाण्यांचा ढीग,
खाली शब्द : असूकार.
खालच्या बकाल्यात मी अकरा वर्षं
सुक्कर मागत आलेय,
आणि घरी येऊन डब्यात साखर भरतेय.
असूकार, सुक्कर, साखर,
रेवाने तिन्हींवर सारखीच लाळ गाळली.

डुकराच्या पुस्तकात
पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला निळ्या शाईची ओळ होती.
मारिसोलने ती दोनदा वाचली, दुसऱ्यांदा मनात.
होआकीनला, त्याच्या तिआ रोसाउराकडून.

तिआ म्हणजे?
बापाची बहीण. आईची बहीण. दोघींना एकच शब्द.
म्हणजे ही रोसाउरा
मावशी की आत्या, कळायला मार्ग नाही.
कुठल्या गावच्या पोस्टात रांगेला उभी राहिली असेल,
पाकिटाचं वजन करून घेतलं असेल,
तिला कुणी सांगितलं असेल का
की तीस किलोत डुक्कर बसलं नाही?

शार्दूल म्हणाला, व्हाइटनर आणू?
आम्ही दोघी एकदम नको म्हणालो,
आपापल्या भाषेत.

त्याच ओळीखाली मी लिहिलं :
आणि रेवाला, तिच्या आत्याकडून.
अक्षर जरा बारीक काढलं,
खाली बोटभर जागा राहील असं.
या गावात ती ठेवावी लागते.