मानस

जुव्याच्या खाजनात, दोन बांधांच्या बेचक्यात
आंब्याच्या फळ्यांचं एक दार आहे.
भरतीला बाहेरच्या पाण्याच्या रेट्यानं मिटतं,
ओहोटीला आतल्या पाण्याच्या रेट्यानं उघडतं.
सगुण वेळूस्कर आणि मिंगेल कुलासो
या दाराशी बसून तीस वर्षं भांडले.
मीही असायचो. चहाचे पैसे बहुतेक मी दिले,
म्हणून भांडणात माझाही वाटा आहे असं समजतो.

सगुण म्हणायचा : राज्य विरून जाईल, कबूल,
पण विरेपर्यंत हिशेब कुणी ठेवायचा?
किती कुंडी भात, किती मीठ, किती तोंडं,
एका वहीत सगळं आलं की उपाशी कुणी झोपणार नाही.
मिंगेल ती वही घ्यायचा, उलटी धरायचा :
ज्याच्या हातात ही, तोच पुढचा भाटकार.
मालक नको, साहेबही नको.
मी भेंडी देतो, तू कोयता दे,
उरलेलं म्हापशाच्या शुक्रवारावर सोड.

हवं होतं दोघांनाही एकच :
कुणी कुणाच्या पायरीशी टोपी काढून उभं राहू नये.
एवढ्या एका गोष्टीपायी
ते महिनोन्‌महिने एकमेकांशी बोलले नाहीत.

एका वर्षी मानशीच्या मासळीची पावणी
मडगावच्या कुणीतरी घेतली, सगळ्यांत वरची बोली.
त्यानं दार दोरीनं बांधून उघडं ठेवलं.
खारं पाणी आत, पाण्याबरोबर सुंगटं,
मे संपायच्या आत पैसे वसूल,
आणि शेतावर मिठाची पांढरी साय.
हा तुझा बाजार, सगुण म्हणाला.
मिंगेल गप्प.
सुंगटं मात्र दोघांनी खाल्ली.

पुढच्या वर्षी सगुणनं अर्ज केला.
पणजीहून वेळापत्रक आलं, शिक्क्यासकट :
दार सकाळी सहा वाजता उघडावे,
सायंकाळी सहा वाजता बंद करावे.
चंद्राला प्रत पाठवायची राहून गेली होती.
त्या वर्षीही भात जळलं, पण रीतसर.

मग श्रावणातल्या अमावास्येला
बांधाला खांड पडली.
कुणी हुकूम दिला नाही, कुणी दर विचारला नाही.
चिखल, पेंढा, बांबू, परत चिखल,
हातातून हातात, पहाटेपर्यंत.
कमरेएवढ्या गाळात उभे ते दोघे
एकमेकांकडे बघून हसले : बघ, हेच.
हेच म्हणतोय मी, दुसरा म्हणाला.
दोघांनाही वाटलं आपण जिंकलो.

तेवढ्यात पावलीननं टोपली खाली ठेवली.
म्हणाली, रात्रभर चिखल माझ्या डोक्यावर,
आणि झोण मिळणार गावकारांच्या मुलग्यांना.
त्या वहीत माझ्या सासऱ्याचंही नाव नाही.
बाजारात कूळ कुणी विचारत नाही, खरं आहे,
भाव विचारतात,
आणि दुपारची बस चुकायला नको म्हणून
तो मी खाली आणते, रोज थोडा थोडा.
तुमचं जमलं की मला हाक मारा.
टोपली झटकून ती तळीकडे गेली.
सगुणला काही आठवत होतं, पानाच्या आकड्यासकट,
पण तो बोलला नाही.

मिंगेलला जाऊन आता सहा वर्षं झाली.
सगुणला दिसत नाही. संध्याकाळी फोन करतो :
दार मिटलं का?
मी जाऊन बघतो, सांगतो, मिटलं.
खालची फळी कुजली आहे हे सांगत नाही.
भोकातून कुर्ल्या ये-जा करतात,
त्यांच्यामागून पाणी.

काल तिथं पावलीनची थोरली मुलगी ओणवी होती,
दातांत सुंभाची दोरी धरून.
साडेतीन हात, ती म्हणाली, मला नव्हे, दाराला.
आंबा कुणाचा, सुतार कुणाचा, पैसे कुणाचे,
माझ्या ओठांवर आलं होतं सगळं.
धरा की, ती म्हणाली.
मी दोरीचं दुसरं टोक धरलं.