चार बोटं जास्त

धायरी फाट्याच्या अलीकडं, रात्री पावणेबाराला
रेस वर गेली ती खाली येईना.
पाय मी कधीच काढून घेतला होता.
पाय हवेत, आणि इंजिन ओरडतंय
जसं काही मीच दाबतोय अजून.

पुढच्या बकेटनं चारी बुजवत होतो.
कडेला बिरू, हातात टॉर्च,
नव्या लाइनवर दगड पडू नये म्हणून वाकलेला.
मशीन दोन हात पुढं गेलं.
दोनच हात.
ब्रेकवर उभा राहिलो, बूट पॅडलखाली घातला
आणि अंगठ्यानं उचललं. आली खाली.

चार महिने हेच.
बाकीचे दाबायला शिकतात, मी उचलायला शिकलो.
शेठला सांगितलं तर म्हणाला, चालतंय ना?
चालतंय, शेठ. थांबत नाही, एवढंच.

बिरू वर आला, चिखल झटकला,
काही बोलला नाही.
टॉर्च मात्र बंद करायची विसरला,
सकाळपर्यंत सेल गेले.

नजीर मिस्त्रीनं मॅट उचलली.
खाली अर्धी पाटी मुरूम, सुपारीच्या पुड्या,
दोन रुपयांचं नाणं,
आणि गेल्या दिवाळीपासून मी शोधत होतो तो बोल्ट.
पत्र्याच्या भोकातलं रबर कधीच खाऊन संपलेलं,
तिथंच केबलचं कातडं सोललेलं.
नजीरनं आतल्या तारा मोजल्या:
एकोणीसपैकी शाबूत पाच.
एक कुसळ शिरलं त्याच्या बोटात.
दातानं काढून थुंकला, म्हणाला,
पाचांवर ओढत होतास रे एवढं धूड.

मग मी नाना पेठेत, केबल गळ्यात घालून,
कारण खिशात मावेना आणि
नमुन्याशिवाय तिथं कुणी बोलत नाही.
काउंटरच्या कडेला खिळे ठोकून आखलेला फूट.
बाईंनी जुनी ताणून धरली, शेजारी नवी.
नवी चार बोटं जास्त.
हे मॉडेल बंद झालंय, म्हणाल्या,
आखूड दिली असती तर रडत आला असता.
लांब आहे, घेऊन जा.
आठशे चाळीस. चाळीस सोडले नाहीत.

ते चार बोटं बसवण्यातच दुपार गेली.
सरळ ओढली तर पंपापाशी फुगा येतो,
खाली सोडली तर सायलेन्सरला चिकटते.
नजीर फुटबोर्डवर आडवा, गाल पत्र्याला लावून,
डोळे मिटून, नुसत्या हातांनी बघत होता.
शेवटी भाकरीएवढा एक फेर दिला,
कुठं कोन नाही, कुठं घासत नाही,
आणि भोकाला माझ्या स्कूटरच्या जुन्या ट्यूबचं रबर कापून.

बिरू पॅडलवर, मी पंपापाशी.
दाब. टेकला का? नाही.
अर्धा आटा. दाब.
टेकला.
सोड.

लिव्हर स्प्रिंगनं मागं आला, टक् करून.
बिरूनं परत दाबलं, परत सोडलं.
परत.
सातआठदा तरी, कुणी सांगितलं नसताना.
नजीरनं हात पुसता पुसता मान वर केली,
पण त्याला थांबवलं नाही.

संध्याकाळी इंजिन हळू धुगधुगत होतं
आणि त्याच्या पलीकडचं ऐकू येऊ लागलं:
कालव्याकडून येणारी बेडकं,
समोरच्या सोसायटीत कुणीतरी मुलाला
सतराचा पाढा म्हणायला लावत होतं.

जुनी केबल सीटमागं पडली आहे.
कपडे वाळत घालायला पुरत नाही,
फेकायला हात होत नाही.

आणि पाय.
पाय अजून जातो पॅडलखाली, उचलायला.
काही नसतं उचलायला,
ते आपणहून वर आलेलं असतं.
बिरू चारीपासून लांब उभा राहतो हल्ली,
मी हात केला तरच जवळ येतो.
त्याची केबल कुठं मिळते, ते बाईंना विचारायला हवं होतं.