लाल गोळा

अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये
माझ्या टेबलावर माउसला फिरायला जागाच नाही.
सुताचे कोन, शेड कार्डं, टॉवेलचे तुकडे,
शेंगाचटणीचा डबा.
मोराच्या पिसातला एकेक ठिपका भरताना
मनगट असं धरायचं
की दात आवळून बसायचो.

मग हा ट्रॅकबॉल घेतला. जुना, लाल गोळ्याचा.
जागचा हलत नाही,
अंगठा तेवढा फिरतो.
चिलवेरी शेठ म्हणाले, "काय रे दुडम, गोट्या खेळतोस?"
टचपॅडवर बोट घासणारा नवा पोरगा हसला.
हसू दे.

रविवारी काम घरी आणलं.
आईनं सूप बाजूला सारलं, म्हणाली, बघू.
चाळीस वर्षं रोज हजार विड्या वळलेला अंगठा
तिनं गोळ्यावर ठेवला
आणि बाण सरळ मोराच्या डोळ्यात.
"इतकं हलकं?"
जरा नाराजच झाली.

शनिवारी मी गोळा काढून खाच पुसतो.
आत मागावरची करडी रुई साठलेली असते.
परवा त्यात तंबाखूचा एक कण निघाला.
तो तसाच ठेवलाय.

वर जाताना गोळा तिथं
किंचित अडतो.