डाव्या हाताची नखं

माझ्या कार्डावर हुद्दा लिहिलाय:
इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन.
गावी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा
शेवंताकाकूने विचारलं, म्हणजे पेटी की तबला?
सगळे हसले. मीही.
बावीस वर्षं झाली त्याला.

सित्राच्या रिफायनरीत माझा दिवस असा जातो:
आधी शून्य बघायचं, मग वरचं टोक,
मधे कुठे काटा खोटं बोलतोय ते शोधायचं,
सही करून चिकटपट्टी लावायची,
तिच्यावर पुढची तारीख.

परवा शुक्रवारी मनामाच्या बाजारात
चपलेचा अंगठा शिवून घ्यायला गेलो
आणि मक्कीच्या दुकानाशी थांबलो.
तिथे दोन्ही ऊद मिळतात.
एक काचेच्या बरणीत, तोळ्यावर,
आपण तिन्हीसांजेला निखाऱ्यावर टाकतो
त्याचा श्रीमंत भाऊ.
दुसरा भिंतीवर,
पोट अर्ध्या कलिंगडाचं, मान मागे मोडलेली,
कुणी हाक मारल्यासारखी.
दोन्ही लाकूडच, मक्की म्हणाला.
एक जाळायचं, एक नाही.

पंचेचाळीस दिनार.
गुणाकार आपोआप होतो,
इथे पाण्याची बाटली घेतानाही होतो.
दहा हजाराच्या आसपास.
ऋजुताच्या मेसचे तीन महिने.

त्यात वय चोपन्न.
त्यात डावा कान.
दरवर्षी कंपनी काचेच्या खोलीत बसवते,
हातात बटण देते: ऐकू आलं की दाबा.
चार हजार हर्ट्झला माझी रेघ
घाटातल्या एसटीसारखी खाली उतरते.
यंदा मी अंदाजाने बटण दाबलं.
नर्स म्हणाली, अहो, आत्ता आवाज नव्हता.

त्यात खोली.
शिबू रात्रपाळीला, दिवसा झोपतो.
निशांत दिवसपाळीला, रात्री झोपतो.
अकरा तारा मी छेडणार कुठे, पार्किंगमध्ये?

आणि पडदे नसतात त्याला.
मक्कीने बोट फिरवून दाखवलं:
काळी, गुळगुळीत मान.
सूर कुठे राहतो याची खूण नाही,
चिकटपट्टी नाही, तारीख नाही.
घाम फुटला मला.

शाळेच्या बँडमध्ये मला त्रिकोण मिळाला होता.
बासऱ्या उंच मुलांना,
ढोल सरपंचांच्या धाकट्याला.
अख्ख्या गाण्यात माझी जागा एकदाच यायची.
तोवर मी मोजत उभा,
मास्तरांच्या मानेकडे बघत,
आणि ती हलली की
टिंग.
मग परत घरी.

मक्कीने हातात पीस दिलं.
गरुडाचं आहे म्हणाला. प्लॅस्टिकचं होतं.
मधली तार छेडली.
उतरलेली होती.
मला कळलं!
जोडीतल्या दोघींमध्ये काहीतरी थरथरत होतं,
पंप बसण्याआधी बेअरिंग थरथरतं ना, तसं,
आणि ते मी हातानेच ऐकतो,
कान कधी विचारलेच नाहीत.
फिरवू का?
खुंटी लाकडी, हट्टी.
एक केस इकडे. थरथर मंदावली.
अजून अर्धा केस.
मक्कीने दोन चहा मागवले.
किमतीचं पुन्हा काही बोलला नाही.

घेतला नाही अजून.
हिला सांगितलेलंही नाही.
ती म्हणेल, आता?
आणि त्या शब्दावर तिचा जो आघात असतो
तो कुठल्याच मापकावर बसत नाही.
शिवाय मी तरी काय सांगणार,
एक तार जुळवली एवढंच.
चपलेचा अंगठा तर राहूनच गेला.

पण काल रात्री, शिबू कामावर गेल्यावर,
बाथरूमच्या पिवळ्या दिव्याखाली उभा राहून
डाव्या हाताची नखं कापली,
पार मुळाशी.
उजव्याची तशीच ठेवली.
सकाळी बसमध्ये हातमोजे चढवताना
निशांतने पाहिलं,
आपल्या बोटांकडे पाहिलं,
मग खिडकीबाहेर.